वर गेलेली गाडी

अमेरिकेत गॅरेज घराला असतं आणि गाडी रस्त्यावर असते. डेट्रॉइटच्या उपनगरांत हिवाळ्यात संध्याकाळी एक फेरी मारून या. ‘दोन गाड्यांचं गॅरेज’ अशी जाहिरात करून विकलेल्या घरांपुढे दोन्ही गाड्या बर्फ पांघरून उभ्या दिसतील. आत काय आहे हे दार वर गेल्याशिवाय कळत नाही आणि वर गेल्यावर विचारावंसं वाटत नाही. मराठी गॅरेज असेल तर यंदाच्या गणपतीचं मखर, त्यामागे गेल्या वर्षीचं मखर, ढोलपथकाचे ढोल (ज्याचं गॅरेज मोठं तो पथकप्रमुख, ही आमच्याकडची लोकशाही), शिवजयंतीच्या नाटकातल्या पुठ्ठ्याच्या ढाली, मुलांनी एक हंगाम वापरलेल्या हॉकीच्या काठ्या, बासमतीच्या रिकाम्या पिशव्या (त्यांना चेन असते, म्हणून टाकवत नाहीत) आणि तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा. बॅगांचं वजन करायचा काटा मात्र सापडत नाही. तो दर वर्षी नवा घेतात.

या अडचणीवर अमेरिकन माणसाने दोन उपाय काढलेत. पहिला, सामान टाकून देणे. हा आपल्या लोकांसाठी नाही. दुसरा, गाडीच वर उचलून ठेवणे आणि तिच्याखाली दुसरी गाडी लावणे. सर्व्हिस स्टेशनात गाडी डोक्यावर नेणारी जी लिफ्ट असते, तिची घरगुती बहीण इथे सर्रास विकत मिळते. घेणारे बहुतेक लोक कॉर्व्हेट, मस्टँग असली देखणी जनावरं पाळून असतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाडीचा खालचा पत्रा खाल्ला जातो. म्हणून असल्या गाड्या पहिल्या बर्फाआधी वर जातात त्या वसंतात उतरतात.

आमच्या साडूभाऊंकडे कॉर्व्हेट नाही. त्यांच्याकडे 1997 ची टोयोटा कॅमरी आहे. रंग बेज, म्हणजे गिऱ्हाईक रंग सांगायला विसरलं तर कंपनी जो देते तो. ही त्यांची अमेरिकेतली पहिली गाडी. लग्नानंतर बायकोला, म्हणजे आमच्या ताईला, विमानतळावरून आणलं ते हिच्यातून, दोन्ही मुलं हॉस्पिटलातून घरी आली ती हिच्यातून, आणि धाकटा गाडी शिकला तोही हिच्यावरच. त्याची खूण डाव्या दारावर आहे. काटा सव्वादोन लाख मैलांच्या पुढे गेलाय. आजवर ती कधी बंद पडलेली नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जो खर्च झाला तो या न बिघडणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीच्या सोयीसाठी झाला.

डेट्रॉइटमध्ये राहून जपानी गाडीवर प्रेम करणं सोपं नाही. समोरच्या घरात फोर्डमधून निवृत्त झालेले आजोबा राहतात. ते कॅमरीकडे बघतात तेव्हा आधी आकाशाकडे बघतात. साडूभाऊंचं त्यांना उत्तर ठरलेलं आहे. “ही केंटकीची आहे. जॉर्जटाउनच्या कारखान्यात जन्मली. मला ग्रीन कार्ड मिळायच्या कितीतरी आधीपासून ही अमेरिकन आहे.”

त्यातच मिशिगनच्या कायद्याने घात केला. इथे पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते. अशी गाडी हौसेची वस्तू म्हणून बाळगायची, प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या सहलीला न्यायची. रोज कामाला जुंपायची नाही. फक्त ऑगस्ट महिना मोकळा. ऑगस्टात ती दूध आणायलाही नेता येते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, तिच्यातही साडूभाऊ कॅमरी घेऊन गेले होते. पुढे 1957 ची शेव्हर्ले, मागे लाल मस्टँग आणि मध्ये हे दोघं. लोकांना वाटलं, कुणीतरी रस्ता चुकून आत आलंय. दोघातिघांनी काच खाली करायला लावून बाहेर पडायचा रस्ताही समजावून सांगितला.

तर ऑगस्ट, म्हणजे साधारण श्रावण, सोडला तर उरलेले अकरा महिने कॅमरी गॅरेजमध्ये. दुसऱ्या अर्ध्या जागेत मखर वगैरे. साडूभाऊंची ऑफिसची गाडी आणि ताईची सिएना बाहेर. जानेवारीत सकाळी साडेसहाला उणे पंधरात काच खरवडताना ताई एकदा म्हणाली, “ती आत उबेत आणि मी इथे बर्फात. आता ती वर गेली तरी चालेल मला.”

ताईने हे आपल्या अर्थाने म्हटलं होतं. साडूभाऊ इंजिनिअर. त्यांनी ते मोजमापाच्या अर्थाने घेतलं.

त्या संध्याकाळी टेप बाहेर आला. कॅमरीची उंची सुमारे 56 इंच, सिएनाची 70, मधल्या लोखंडी फळ्यांची जाडी 5. बेरीज 131. गॅरेजची उंची 135. घराच्या आत जायला गॅरेजमधून तीन पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून छत इतकं उंच. इथल्या पुष्कळ गॅरेजांना आठ-नऊ फुटांवर समाधान मानावं लागतं. “चार इंच शिल्लक!” साडूभाऊ मला फोनवर म्हणाले. चार एकर म्हणावं असा आवाज होता. मग त्यांनी छताकडे पाहिलं. छताला गॅरेजचं दार उघडणारी मोटर लटकत होती, तिचा रूळ लटकत होता आणि दार उघडल्यावर ते स्वतःही तिथेच आडवं येत होतं. कॅमरीला वर न्यायचं तर दाराला आणखी वर न्यायला हवं. त्यावरही इथे उपाय मिळतो. दाराचे रूळ कापून उंच करून घ्यायचे आणि छतावरची मोटर काढून भिंतीवर, दाराच्या स्प्रिंगच्या दांड्याशेजारी, दुसरी बसवायची. एक गाडी हलवायला आधी दार हललं, दाराबरोबर मोटर हलली. घरात काहीही विकत घेतलं की ते आपल्याबरोबर दोन नातेवाईक आणतं, हा माझा अनुभव आहे.

मग कोणती लिफ्ट, हा प्रश्न. यात दोन पंथ आहेत, दोन खांबांचा आणि चार खांबांचा, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. दोन खांबांची लिफ्ट गाडीला काखेत हात घालून पोर उचलावं तशी उचलते. चार खांबांची तिला बाजेवर निजवून बाजेसकट वर नेते. पहिलीत चाकं मोकळी लोंबतात, त्यामुळे ब्रेक, टायर, सस्पेन्शन अशी कामं सोपी होतात. दुसरीत गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, महिनोन् महिने ठेवली तरी काळजी नाही, आणि खाली दुसरी गाडी लावता येते. पहिल्या पंथाचे लोक दुसऱ्यांना ‘गाड्या साठवणारे’ म्हणतात. दुसरे पहिल्यांना काही म्हणत नाहीत. ते फक्त, हात नेमक्या जागी टेकवले नव्हते म्हणून घसरून पडलेल्या गाड्यांचे फोटो पाठवतात.

साडूभाऊंनी दोन्ही पंथांचा अभ्यास केला. दोन खांबांची लिफ्ट जमिनीत बोल्टांनी पक्की करावी लागते, आणि सगळा भार त्या बोल्टांवर आणि कोब्यावर. बहुतेक कंपन्या काँक्रीट किमान 4 इंच जाड आणि 3000 पीएसआय ताकदीचं मागतात. नवं ओतलं तर 28 दिवस मुरू द्यायला सांगतात. डॅलसला त्यांचा कॉलेजचा मित्र आहे, त्याच्या गॅरेजच्या फरशीत तर ठसाच उमटवलेला आहे की इथे कापू नका, भोक पाडू नका. तिथल्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात. त्यातली एक ड्रिलखाली आली तर स्लॅबही जातो आणि ड्रिलवाल्याचीही खात्री नसते. मिशिगनमध्ये तसं सहसा नसतं. तरीही खात्री हवी म्हणून साडूभाऊंनी हॅमर ड्रिल भाड्याने आणला, कोपऱ्यात आरपार भोक पाडलं, वाकवलेली तार आत घालून खालच्या कडेला अडकवली आणि जाडी मोजली. सव्वाचार इंच निघाली. त्या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार खांबांची लिफ्ट ठरवली, जिला जमिनीत बोल्ट मारायची सक्ती नसते.

“मग हे भोक कशाला?” ताईने विचारलं.

“माहिती,” साडूभाऊ म्हणाले.

माहितीचा भाग पुढे फार वाढला. त्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला जाणाऱ्याला वरणभाताबरोबर पीटर लुनाटीची गोष्ट ऐकावी लागे. हा टेनेसीतल्या मेम्फिसचा मेकॅनिक. न्हाव्याच्या खुर्चीत बसला असताना, पायाने दांडा दाबला की आपण अलगद वर जातो हे बघून त्याला गाडीसाठी तसंच काही करायचं सुचलं. 1925 मध्ये त्याने कंपनी काढली. खुर्ची गोल फिरते, म्हणून त्याची गाडीही वर गेल्यावर गोल फिरायची; कंपनीचं नाव रोटरी पडलं ते त्यावरून आणि अजून टिकून आहे. ऐकून मला वाईट वाटलं. आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या माणसं त्या खुर्चीत बसली आणि उठताना फक्त सरकार पाडून उठली.

यंत्र मुळात साधं आहे. शाळेत पास्कलचा नियम होता, एक बारीक नळी, एक जाड नळी, मध्ये तेल. परीक्षेत आकृतीला दोन गुण होते. ते दोन गुण इथे चार हजार पौंड उचलतात. एका फळीच्या पोटात एकच सिलिंडर असतो. मोटर त्यात तेल दाबते, दट्ट्या सरकतो, त्याला बांधलेल्या चार पोलादी दोऱ्या कप्प्यांवरून चार कोपऱ्यांत जातात आणि चारी कोपरे एकदम उचलतात. खांबांत दर काही इंचांवर खाचा असतात. वर जाताना त्यांत खटके पडत जातात. हवी ती उंची आली की गाडी जराशी खाली सोडून त्या खटक्यांवर टेकवायची. मग दोर तुटो, तेल गळो, गाडी लोखंडावर बसलेली असते.

प्रमाणपत्राचा भाग जास्त रंगला. ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट नावाची संस्था 1945 पासून आहे. तपासून पास झालेल्या लिफ्टवर तिचं सोनेरी लेबल लागतं. हे लेबल नसलेल्या कंपन्या ‘मानकांनुसार बनवलेली’, ‘मानकांपेक्षा सरस’, ‘मानकं डोळ्यांपुढे ठेवून’ अशी भाषा वापरतात. साडूभाऊ पुण्यात वाढले आहेत. ‘घरगुती पद्धतीचे’ आणि ‘घरचे’ यांतला फरक त्यांना लहानपणापासून कळतो. त्यांनी सोनेरी लेबलवालीच निवडली.

मग विक्रेत्याचा फोन. माणूस उत्साही होता.

“ग्रेट! वर कोणती गाडी ठेवणार? कॉर्व्हेट? मस्टँग?”

“कॅमरी.”

पलीकडे शांतता पसरली. साडूभाऊंना वाटलं लाइन कटली.

“सर,” तो शेवटी म्हणाला, “आणि खाली काय?”

वीज हा आणखी एक विषय. मोठ्या लिफ्टला 220 व्होल्ट लागतात. इथल्या घरांत साध्या प्लगला त्याच्या निम्मे असतात. भारतात जो करंट मोबाइलच्या चार्जरला मिळतो, त्यासाठी इथे इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो आणि नगरपालिकेची परवानगी काढावी लागते. घरगुती चार खांबांच्या काही लिफ्ट 110 वरही चालतात. तशीच घेतली. ती हळू चढते. साडूभाऊंचं म्हणणं, घाई कुणाला आहे.

आता हिशेब. मराठी माणूस हौस करत नाही. तो बचत करतो, आणि बचत करता करता घरात लिफ्ट येते. साडूभाऊंनी एक्सेलमध्ये पान केलं. लिफ्ट साडेतीन हजार डॉलर, दार आणि मोटर दीड हजार, एकूण पाच हजार. बाहेर एक ऑइल चेंज नव्वद डॉलरला पडतो, घरी केला तर चाळीसला. वाचले पन्नास. रोजच्या दोन गाड्या, प्रत्येकीचं वर्षातून दोनदा, म्हणजे वर्षाला दोनशे डॉलर. पाच हजार भागिले दोनशे, पंचवीस वर्षं. साडूभाऊ आज सत्तावन्न वर्षांचे आहेत.

“म्हणजे ब्याऐंशीव्या वर्षापासून आपण निव्वळ फायद्यात,” ते ताईला म्हणाले.

धाकटा तिथेच सोफ्यावर पडला होता. “बाबा, पुढची गाडी इलेक्ट्रिक घेणार म्हणालात ना? तिला ऑइल नसतं.”

ते पान नंतर कुणी उघडलेलं नाही.

मला यात काहीच गैर वाटत नाही. कुणाला घड्याळांचा नाद असतो, कुणी गोव्याला फ्लॅट घेऊन तिथे वर्षातून चार दिवस बुरशी पुसायला जातो. वाईट वाटतं ते त्या एक्सेलचं. ‘मला हवी आहे’ एवढं तीन शब्दांचं वाक्य बोलायला आपल्या माणसाला आठ रकाने लागतात. ताईने तर कधी हिशेब मागितलाच नव्हता. तिला जागा हवी होती.

लिफ्ट ट्रकने आली. हा ट्रक केवढा असतो याची कल्पना आपल्याला नसते. गल्लीच्या बंद टोकाशी त्याला वळता येईना. ड्रायव्हरने तो हमरस्त्याला लावला आणि कागद पुढे केला: माल उतरवून घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. पट्ट्यांनी बांधलेलं जवळजवळ दोन हजार पौंडांचं लोखंड. त्याला उतरवायला फोर्कलिफ्ट हवी. लिफ्ट घ्यायची तर आधी लिफ्ट पाहिजे, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

अमेरिकन माणूस अशा वेळी फोर्कलिफ्ट भाड्याने घेतो. साडूभाऊंनी ढोलपथकाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. अर्ध्या तासात अकरा जण हजर. त्यांत दोन डेटाबेसवाले, एक हृदयरोगतज्ज्ञ, तीन ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ आणि खऱ्या अर्थाने उपयोगाचा एक, ज्याचे वडील इचलकरंजीला यंत्रमाग हलवायचे. त्याने सगळ्यांना गप्प केलं. पट्ट्या कापून एकेक नग सुटा करायला लावला, लोखंडी पाइपांचे तुकडे मागवले आणि त्यांवरून एकेक फळी सरकवत सरकवत ड्राइव्हवेपर्यंत आणली. आर्किटेक्ट मंडळी मागून पुढे पाइप नेऊन टाकत होती. ‘हर हर महादेव’ झालं. ट्रक ड्रायव्हरने व्हिडिओ काढला. फोर्डवाले आजोबा खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले, आणि कॅमरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आमच्या बाजूला बिअर पाठवली. हृदयरोगतज्ज्ञाने फक्त देखरेख केली. “मला उचलायचं नाहीये,” तो म्हणाला, “पण मी इथे असणं बरं.”

उभारणीला दोन शनिवार लागले. दुसरा शनिवार सगळा चारी खटके एकदम पडावेत म्हणून दोऱ्यांचे नट आवळण्यात गेला. एक कोपरा आधी खट् म्हणे, तीन मागून. इचलकरंजीवाला कान लावून बसला होता. तो बोट वर करी, साडूभाऊ पाना फिरवत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला चारी खटके एका आवाजात पडले आणि ढोलपथकातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तालात पडलं की त्यांना राहवत नाही.

याच सुमारास सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. कोथरूडला त्यांच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालंय. नव्या इमारतीत बिल्डरने स्टॅक पार्किंग दिलं, म्हणजे खाली एकाची गाडी, तिच्या डोक्यावर दुसऱ्याची. सासूबाईंच्या वाट्याला वरची जागा. त्यामुळे साडूभाऊंनी कौतुकाने गॅरेजचं दार उघडलं तेव्हा त्या दारातच थबकल्या.

“अगंबाई, हे इथेही?”

“आई, ही लिफ्ट,” साडूभाऊ म्हणाले.

“माहितीये हो मला. खाली कुणाची गाडी?”

“हिची.”

“किल्ली कुणाकडे?”

“हिच्याकडेच.”

“आणि ही ऑफिसला गेली, की तुमची वरची उतरणार?”

“हो, ती गेली की जागा मोकळीच...”

“आणि ही घरी झोपलेली असली की?”

साडूभाऊ हसले. सासूबाई हसल्या नाहीत. सात वर्षं खालची जागा मिळालेल्या कुलकर्ण्यांच्या दाराची बेल वाजवून त्यांनी हे ज्ञान मिळवलं होतं. महिनाभर लिफ्टचा अभ्यास केलेल्या माणसाला न सुचलेले प्रश्न त्यांनी उभ्या उभ्या पाच मिनिटांत विचारले. वरच्या गाडीतून थेंब गळले तर खालच्या काचेवर पडतात, त्याला काय केलंय? (लोखंडी ट्रे मिळतात, ते मागवले.) खालच्या गाडीची डिकी उघडते का? (सिएनाचं मागचं दार वर उघडतं आणि फळीला आपटतं. आता किराणा बाजूच्या दाराने काढतात.) आणि शेवटचा, “लाइट गेली तर?”

हा मात्र साडूभाऊंना आवडला. “आई, ही अमेरिका आहे. इथे लाइट जायचा गुरुवार नसतो.”

गुरुवार नसतो हे खरं. पण फेब्रुवारी 2023 मध्ये बर्फाचं वादळ आलं होतं, तेव्हा तारांवर गोठलेल्या पावसाने मिशिगनच्या या भागातली लाखो घरं कित्येक दिवस अंधारात होती. लिफ्टचा स्वभाव असा की खटक्यांवर टेकलेली गाडी खाली आणायची तर आधी थोडी वर उचलावी लागते, तेव्हा खटके सुटतात. आणि वर उचलायला वीज लागते. म्हणजे लाइट गेली की वरची गाडी वर. हे ऐकून सासूबाईंनी इतकंच विचारलं, “वर तीच आहे ना, जी कुठे जात नाही? मग ठीक आहे.” तुमच्या लक्षात येईल, साडूभाऊंच्या सगळ्या खटाटोपाची इतकी स्वच्छ बाजू कुणीही मांडली नव्हती. त्यांनी स्वतःही नाही.

पहिल्यांदा गाडी वर नेली तो कार्यक्रम मात्र थोडा लांबला. कॅमरी फळ्यांवर चढवली, चाकांमागे ठोकळे लावले. साडूभाऊंनी बटण दाबलं. खट्. खट्. सगळे भिंतीला पाठ लावून उभे. वर पाहायचं सोडून सगळे खाली पाहत होते, जणू कॅमरी वर नाही, कोब्यातून खालीच जाणार आहे. सहाव्या खटक्याला साडूभाऊंनी बटण सोडलं आणि खाली जाऊन त्या गाडीचं पोट पहिल्यांदा उभ्याने पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा संसार, पण तिची ही बाजू त्यांनी जॅकवर, पाठीवर निजून, कपाळाला चार बोटांच्या अंतरावरूनच बघितलेली. ते बराच वेळ टॉर्च फिरवत होते. “गंज आहे थोडा,” म्हणाले. “पण वयाच्या मानाने...” ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुढचं बोलले नाहीत.

लिफ्ट आल्याची बातमी इथल्या मराठी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. आता शनिवारी सकाळी साडूभाऊंच्या ड्राइव्हवेवर रांग असते. कुणाला खालून काहीतरी कडकड ऐकू येतं, कुणाचं ऑइल बदलायचं असतं, कुणी नुसता ‘जरा बघून द्या’ म्हणून येतो. वर्षानुवर्षं बॉनेट कसं उघडतात हे माहीत नसलेली माणसं आता एक्झॉस्टच्या पाइपाकडे बोट दाखवून मतं देतात. ताई पोहे करते. हिशेबात पोहे धरलेले नव्हते. इचलकरंजीवाल्याचं म्हणणं आहे की ब्याऐंशीऐवजी आता शहाऐंशी धरा.

आणि ज्या जागेसाठी हे सगळं घडलं, ती? पहिल्या बर्फाला सिएना आत होती, कॅमरीच्या खाली, आणि ताईने साडेसहाला काच न खरवडता गाडी बाहेर काढली. तो आठवडा घरात सणासारखा गेला. मग मंडळाच्या कार्यकारिणीने पाहिलं की साडूभाऊंकडे आता ‘जागा झालीये’. दुसऱ्या आठवड्यात संक्रांतीच्या कार्यक्रमाचा रंगमंच सुट्या भागांत तिथे येऊन पडला. सिएना पुन्हा बाहेर. कॅमरी वर.

परतायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी कोथरूडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना व्हिडिओ कॉल लावला, गॅरेजचं दार उघडलं आणि फोन गोल फिरवून सगळं दाखवलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

“हे जावयांनी स्वतःहून बसवलं? बिल्डर नसताना?”

“स्वतःच्या पैशाने.”

“आणि खाली कुणाची गाडी लागते?”

“आमच्या मुलीची.”

“मग भांडणं होत नाहीत?”

“होतात की,” सासूबाई म्हणाल्या. “पण त्याचं मेंटेनन्सचं बिल येत नाही.”